कानावरची जखम आणि उन्हावरची गोळी

डॉक्टर मॅडमनी रिपोर्टचा कागद माझ्याकडे वळवून ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की मला तो वाचता येणार नाही. माझी नजर जन्मापासूनच अधू आहे. त्यांनी कागद परत उचलला, एका ओळीवर पेन टेकवलं आणि सावकाश वाचलं, "स्क्वॅमस सेल कार्सिनोमा."

शेजारी माझी मुलगी तेजू बसली होती. ती बीएस्सीला आहे, तिला शब्द कळला. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मलाही कळलं.

"ताई, हा स्किनचा कॅन्सर आहे," मॅडम म्हणाल्या. त्या सिंधी, उल्हासनगरातच वाढलेल्या. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलतात. "घबराने का नहीं. लहान आहे. कापून काढला की बहुतेक वेळा काम संपतं. पण आता थांबायचं नाही."

त्यांचं क्लिनिक कॅम्प दोनमध्ये, साड्यांच्या दुकानाच्या वर आहे. खालून दुकानातला माणूस ओरडत होता, "आओ दीदी, देखने का पैसा नहीं!" मी तेच ऐकत बसले. एवढी मोठी गोष्ट ऐकल्यावर माणूस काय ऐकतं, बघा.

स्क्वॅमस सेल म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशी. कार्सिनोमा म्हणजे त्या पेशींचा कॅन्सर. हे मला नंतर समजलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं, की माझ्या उजव्या कानाच्या वरच्या कडेवर सहा-सात महिने जी खपली येत-जात होती, ती साधी खपली नव्हती.

हे लिहिते आहे ते माझ्यासारख्या माणसांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी. मी सांगते, तेजू टाइप करते.

माझ्या अंगात रंग नाही. डॉक्टर त्याला अल्बिनिझम म्हणतात. कातडीला, केसांना आणि डोळ्यांना रंग देणारं मेलॅनिन नावाचं द्रव्य शरीरात तयारच होत नाही, किंवा अगदी थोडं होतं. माझे केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. कातडी गुलाबी. हे कोड नाही. कुणाला लागतही नाही. पण शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही, आणि मुलं मला "अंग्रेज" म्हणायची. फळ्यावरचं दिसत नसल्यामुळे दहावीला दोनदा बसले.

आमचं गाव कुळगावच्या पुढे. माहेरी भातशेती. आई मला लावणीला पहाटेच न्यायची आणि ऊन चढायच्या आत घरी हाकलायची. "बाय, उन्हान नको जाव, आंग भाजंल तुजा," म्हणायची. तिला मेलॅनिन ठाऊक नव्हतं, पण माझ्या मानेवर उठणारे फोड तिनंच धुतले होते.

लग्न होणार नाही असं सगळे म्हणत होते. दत्तांनी मला पाहिलं आणि होकार दिला. ते आनंदनगरला एका कारखान्यात फिटर आहेत. मुळात बोलणं कमी. सासरची थोडी जमीन आहे. भेंडी, काकडी, अळू करतो. मी ती भाजी घेऊन बदलापूरला बाजारात रस्त्याच्या कडेला बसायचे. वर मोठी छत्री, अंगात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, डोक्याला स्कार्फ. वीस वर्षं असंच. तरीही जमिनीवरून उलटून येणारं ऊन तोंडावर यायचंच, आणि स्कार्फ कानांच्या मागे खोचायची मला सवय होती. कान उघडेच राहायचे.

आता वंदनाबद्दल सांगायला हवं.

वंदना माझी धाकटी जाऊ. आमची घरं एकाच अंगणात. ती मला वैनी म्हणते. गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास ती अंबरनाथला कुठल्याशा हॉलमध्ये एका मीटिंगला जाऊन आली. तिथं लोकांना कॅप्सूल आणि पावडरी विकायला शिकवत होते. आल्या आल्या माझ्याकडे आली. डोळे चमकत होते तिचे.

"वैनी, तुमच्यासाठीच आहे बघा हे! ॲन्टिऑक्सिडंट. उन्हानं कातडीत जे विष होतं ना, ते हे मारतं. आतून लावायचं सनस्क्रीन. तिथं एक बाई होती, ती म्हणाली आता छत्रीच लागत नाही."

तिनं मला ती बाटली विकली नाही, दिली. हे मला मुद्दाम सांगायचंय. पहिली बाटली तिनं माझ्या देवघरात ठेवली आणि हात जोडले.

मी रोज दोन कॅप्सूल घेऊ लागले. सुरुवातीला छत्रीही होती. मग वाटलं, थोडं बघू या. सकाळचे नऊ वाजेपर्यंत स्कार्फ नाही. मग दहा. मे महिन्यात पुतण्याची हळद होती. अंगणात सगळ्या बायका उन्हात बसून गाणी म्हणत होत्या. दर लग्नात मी आत स्वयंपाकघरात असते. त्या दिवशी वंदनानं मला हात धरून बाहेर आणलं. मी डोकं उघडं ठेवून सगळ्यांच्या मधोमध बसले. गालाला हळद, त्यावर ऊन. मला ते फार आवडलं. खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी तोंड सुजलं. दोन दिवस डोळे उघडत नव्हते. वंदना म्हणाली, "सवय होतेय अंगाला."

कानावरची खपली त्याच्याही आधी, होळीच्या सुमारास आली होती. तांदळाच्या दाण्याएवढी, खरखरीत. मी ती खरवडायची, थोडं रक्त यायचं, परत धरायची. वंदनाला ह्या बाटल्या विकायला देणाऱ्या वरच्या बाईंना तिनं फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, टॉक्सिन बाहेर पडतायत, चांगली खूण आहे, डोस वाढवा. मी वाढवला. दत्ता एकदा म्हणाले, "डॉक्टरला दाखव." मी म्हटलं, बरं होतंय. मला ते बरं व्हायलाच हवं होतं. ते औषध खोटं ठरलं असतं, तर मला परत स्वयंपाकघरात जावं लागलं असतं.

गणपती झाल्यावर तेजू माझे केस विंचरत होती. तिचा हात थांबला. "आई, इथं वास येतोय," ती म्हणाली. खपलीच्या खाली खड्डा झाला होता, आणि कडा वर उचलल्या होत्या, वाटीच्या कडांसारख्या. दुसऱ्याच दिवशी ती मला कॅम्प दोनला घेऊन गेली. मॅडमनी भिंग लावून पाहिलं, कान बधिर केला आणि एक बारीक तुकडा तपासायला काढला. त्याला बायोप्सी म्हणतात. आठवडाभरानं तो कागद आला.

घरी आल्यावर दत्तांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले, देवघरातल्या बाटल्या एका पिशवीत भरल्या आणि अंगणात जाऊन वंदनाच्या पायरीवर ठेवल्या. आवाज चढवला नाही. "आमच्या दारात येऊ नकोस," एवढंच म्हणाले. ती पायरीवरच खाली बसली.

पुढचे दिवस तपासण्यांचे. कॅन्सर कानातून मानेतल्या गाठींत उतरू शकतो, म्हणून मानेची सोनोग्राफी केली. एक गाठ मोठी दिसली. मग एफएनएसी झाली. म्हणजे बारीक सुई घालून गाठीतल्या थोड्या पेशी काढतात आणि तपासतात. सुईचं काही वाटलं नाही. त्यानंतरचे चार दिवस मात्र कसे काढले, ते विचारू नका. भांडं घासताना, भाजी निवडताना हात सारखा मानेकडे जायचा.

त्या चार दिवसांत दुपारी रोज आमच्या ओट्यावर एक डबा दिसायचा. वंदनाच्या हातची तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. पहिल्या दिवशी दत्तांनी तो तसाच परत तिच्या पायरीवर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी ते कामावर होते. मी डबा आत घेतला आणि सगळा खाल्ला. रडत खाल्ला, पण खाल्ला. डबा धुऊन परत ठेवताना तिच्या खिडकीतल्या पडद्याच्या कड्या वाजलेल्या ऐकल्या.

चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. तेजूनं उचलला, पण त्यांनी मला बोलवायला सांगितलं. "ताई, गाठीत कॅन्सर नाही. जखमेमुळे सुजली होती. अब रोने का नहीं, ऑपरेशनची तारीख घ्या." मी तरीही रडले. माझं रडणं होईपर्यंत त्या फोनवर थांबल्या. डॉक्टरचा वेळ किती मोलाचा असतो, हे मला माहीत आहे. म्हणून ते थांबणं मी विसरत नाही.

ऑपरेशनच्या आधी मी त्यांच्याकडे एक बाटली घेऊन गेले. तेजूला पाठवून वंदनाकडून मागवली होती. मला खरं काय ते ऐकायचं होतं.

मॅडमनी मागचं लेबल नीट वाचलं. "हे विष नाही," त्या म्हणाल्या. "व्हिटॅमिन सी आहे, ई आहे, चहाच्या पानांचा अर्क आहे. गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून लोक फसतात." मग त्यांनी समजावलं. उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण, कातडीत शिरले की तिथं फ्री रॅडिकल तयार होतात. हे कण दिसेल त्याला ओरबाडतात. पेशीच्या भिंतीला, तिच्या आतल्या डीएनएला. ॲन्टिऑक्सिडंट त्या कणांना शांत करतात. शरीर स्वतःही ते बनवतं, फळंभाज्यांतूनही मिळतात. पण काही किरण थेट डीएनएवरच घाव घालतात. तिथं ॲन्टिऑक्सिडंटचं फारसं चालत नाही. किरण आत येऊच द्यायचे नाहीत, हा पहिला उपाय. बाकी सगळं त्याच्यानंतर.

"मेलॅनिन छत्री पण आहे आणि शिपाई पण," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे दोन्ही नाही. म्हणून छत्री बाहेरूनच घ्यायला लागणार."

मी म्हटलं, "म्हणजे वांग्याच्या फोडीला लिंबू चोळलं तर ती काळी पडत नाही. पण म्हणून तापल्या तव्यावर टाकली तर करपायची थोडीच राहील?"

मॅडम हसल्या. "अरे वा! अब मैं सबको यही बोलूंगी."

मग मी जे विचारायला गेले होते ते विचारलं. "मॅडम, माझ्या जावेमुळे झालं का हे?"

त्यांनी बाटली बाजूला ठेवली. "नाही. एका उन्हाळ्यात असा कॅन्सर होत नाही. लहानपणापासूनचं ऊन आहे हे, तुमच्या शेतातलं आणि बाजारातलं. त्या गोळ्यांनी एकच वाईट केलं. तुम्ही उशिरा आलात." मग म्हणाल्या, "पण आलात ना."

ऑपरेशन उल्हासनगरातच एका हॉस्पिटलात झालं. पूर्ण भूल नाही, फक्त कान बधिर केला. कानाच्या वरच्या भागातला त्रिकोणी तुकडा काढून दोन्ही कडा शिवायच्या, असं ठरलं होतं. म्हणजे कान लहान होणार. सर्जन तरुण होते, साताऱ्याकडचे. म्हणाले, "काकू, आवाज येईल, दुखणार नाही." तसंच झालं. माझाच कान कापला जात होता आणि त्याच कानानं मी कात्रीचा आवाज ऐकत होते, जाड कापड कापल्यासारखा. एका नर्सनं माझा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडला नाही. तिचं नाव मी विचारलं नाही, याची चुटपुट आजही आहे. काढलेला तुकडा लगेच तपासायला गेला, कडेला कॅन्सर उरला नाही ना ते बघायला. मी तशीच पडून वाट पाहिली. मग सर्जन परत आले. "कडा स्वच्छ आहेत, काकू. शिवून टाकू."

दुसऱ्या दिवशी आरशाजवळ अगदी नाक टेकवून पाहिलं. मला तसंच पाहावं लागतं. कान आखूड झाला होता, वर टोक आल्यासारखा. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. तेवढं वाटलं नाही.

ड्रेसिंग रोज करायचं होतं. नर्सनं तेजूला शिकवलं होतं, पण तिची परीक्षा सुरू झाली. दत्तांची पहिली पाळी, आणि रक्त त्यांना पाहवत नाही. मी अंगण ओलांडून वंदनाच्या दारात गेले. कानाला पट्टी, डोक्यावर पदर, वर छत्री.

"वंदना, माझं ड्रेसिंग कोण करणार?" मी विचारलं.

"वैनी, मी तुम्हाला मारायला निघाले होते हो," म्हणाली आणि भिंतीला डोकं टेकून रडायला लागली. मी तिला मॅडमचे शब्द सांगितले, जसेच्या तसे. उशीर झाला तेही सांगितलं, झाकलं नाही. आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. "त्या हळदीला मला बाहेर नेणारी तू एकटीच होतीस. ती चूक होती. पण इतक्या वर्षांत कुणी नेलं नव्हतं."

दहा दिवस तिनं ड्रेसिंग केलं. हात साबणानं कोपरापर्यंत धुवायची, श्वास रोखून पट्टी काढायची. पाचव्या की सहाव्या दिवशी दत्ता लवकर घरी आले. दारात उभे राहिले. वंदनानं वर न बघता पट्टी पूर्ण बांधली. मग दत्तांनी बूट काढत विचारलं, "चहा घेतलास का?" ती नाही म्हणाली. ते आत गेले आणि स्वतः चहा टाकला. साखर विसरले. आम्ही दोघींनी तो तसाच प्यायला.

वंदनानं ते विकायचं बंद केलं. एवढंच नाही, ज्यांना ज्यांना दिलं होतं त्या सगळ्यांच्या घरी जाऊन आली. "खायचं तर खा, पण त्याच्या भरवशावर डॉक्टर सोडू नका," असं सांगत. त्यातल्या दोघींनी तिला दारातूनच परत पाठवलं. तरी गेली.

आता माझं कसं चाललंय ते सांगते. बाजारात मी संध्याकाळी पाचनंतर बसते, आणि पत्र्याच्या शेडखाली जागा मिळाली आहे. शेजारच्या मिरचीवाल्या बाईंनी आपली टोपली सरकवून ती करून दिली. तेजूच्या मैत्रिणीचे वडील जीन्सच्या कारखान्यात शिवणकाम करतात. त्यांनी मला जाड कापडाची मोठ्या काठाची टोपी शिवून दिली. मागे मान आणि कान झाकणारा पडदा आहे तिला. गावात लोक हसले. आठवड्यानं दोघा शेतकऱ्यांनी तशीच शिवून मागितली. सनस्क्रीन सकाळी, दुपारी आणि बाहेर पडण्याआधी, कानांना विसरून चालत नाही. मॅडमनी एक व्हिटॅमिनची गोळीही दिली आहे. देताना बोट दाखवून म्हणाल्या, "छत्री के साथ, छत्री के बदले में नहीं." आवळा, पेरू, पालेभाजी खाते. आवडतं म्हणून खाते. दर तीन महिन्यांनी मॅडम डोक्यापासून पायापर्यंत तपासतात.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या कातडीवरची जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, परत परत खपली धरून रक्त येत असेल, तर दाखवा. कुणी कितीही प्रेमानं काही दिलं तरी आधी दाखवा. मी डॉक्टरकडे जायचं टाळलं ते भीतीनं नाही. मला आशा सोडवत नव्हती, म्हणून गेले नाही. आशा ठेवा, पण ती घेऊनच डॉक्टरकडे जा.

मागच्या महिन्यात तपासणीला गेले होते. माझा नंबर यायचा होता. मॅडम स्वतः केबिनमधून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, जरा इनके पास बैठो." कोपऱ्यात अंबरनाथहून आलेली एक तरुण आई बसली होती. मांडीवर शालीत गुंडाळलेलं मूल. एवढ्या उकाड्यात शाल. मी जाऊन शेजारी बसले आणि डोक्यावरची टोपी काढली.

ती माझ्या केसांकडे बघतच राहिली. मग तिनं शाल थोडी बाजूला केली. आत दीड वर्षाची मुलगी होती. पांढरे केस, पांढऱ्या पापण्या, गुलाबी गाल. डोळे माझ्यासारखेच इकडून तिकडे हलणारे.

त्रेचाळीस वर्षांत मी माझ्यासारखं दुसरं माणूस पाहिलं नव्हतं.

पोरीनं मान वाकडी करून मला जवळून पाहिलं. मग हात पुढे केला आणि माझी भुवई धरली. सोडेचना. मी हात पुढे केले तर माझ्याकडे आली.

"घरात सगळे म्हणतात हिला बाहेरच काढू नको," तिची आई म्हणाली. "मी दिवसभर खिडक्या लावून बसते." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "ताई, ही... मोठी होईल ना हो?"

"बघ की माझ्याकडे," मी म्हटलं. "मला मुलगी आहे, बीएस्सीला. नवरा आहे, जाऊ आहे. बाजारात भाजी विकते मी. कान थोडा कमी आहे, तो माझ्याच हलगर्जीपणानं. हिचे तू आतापासून झाकशील. आणि संध्याकाळी खेळायला ने हिला."

माझा नंबर पुकारला. तिनं पोरीला घ्यायला हात पुढे केले नाहीत. ती शालीची घडी घालत होती. घडी घालून तिनं शाल पिशवीत ठेवली.

मी तशीच, पोरीला कडेवर घेऊन आत गेले.